राणी आत जाईपर्यंत

मेच्या शेवटच्या शनिवारी भर दुपारी तोलोगोनला आनंद झाला, आणि तो सादातनं पाहिला. तसं बघितलं तर घडलं ते एवढंच. तो बागेतल्या पाटाच्या कडेला उकिडवा बसून टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता, आणि त्याची बायको सादात ओट्यावर मुळ्याची जुडी निवडत होती. आधी आवाज आला. बिश्केकच्या त्या गल्लीत शनिवारी दुपारी यायचे ते आवाज ठरलेले होते. शेजारच्या हार्सानचा पंप, कोपऱ्यावर गाड्या धुणाऱ्यांचा रेडिओ, कुणाच्या तरी अंगणात गालिचा झोडपल्याचा धपधप. हा त्यांतला नव्हता. हा वरून आला, सगळीकडून एकदम आला, आणि तोलोगोनच्या हातातली सुतळी जागच्या जागी थांबली. मान वर करायच्या आधीच त्याला कळलं होतं. मग शेडच्या पत्र्यावरून त्या आल्या, हजारोंनी, एकमेकींच्या वाटा कापत. बागेवर त्यांनी एक मोठं सैल चक्कर धरलं, ते हळूहळू आवळत जर्दाळूच्या झाडाशी आलं, आणि खालच्या फांदीवर मुठीएवढा तपकिरी डाग दिसायला लागला. मग तो कलिंगडाएवढा झाला. मग हातभर लांबीचा मधमाश्यांचा घोस फांदीला लटकून संथ हलू लागला. तोलोगोन केव्हा उभा राहिला ते त्याला कळलं नाही. ‘आल्या,’ तो मोठ्यानं म्हणाला, दारात वऱ्हाड आल्यावर म्हणतात तसं. चेहऱ्याची कातडी जिथं कित्येक वर्षं ताणली गेली नव्हती तिथं ताणली गेल्याचं त्याला जाणवलं. आणि अशा वेळी माणूस कुणाला तरी दाखवायला वळतो तसा तो वळला. सादात बघत होती. माश्यांकडे नाही, त्याच्याकडे. तिनं जुडी खाली ठेवली, ओले हात मांडीवर पुसले, ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

तोलोगोन तिथंच उभा राहिला. आनंद आता जायला हवा होता. इतर वेळी जायचा. मुलाच्या, कुबातच्या, लग्नात, नात झाली तेव्हा, आत काहीतरी हलायला लागलं की लगेच दुसरं काहीतरी येऊन त्याला खाली बसवायचं, आणि तोलोगोनला त्याची इतकी सवय झाली होती की तो त्याची वाटच बघायचा. आज ते आलं नाही. आज तो मुद्दाम मुलीचं नाव मनात घेऊन बघत होता, जिपार, जिपार, आणि डोळे मात्र घोसाच्या खालच्या टोकाशी होते, जिथं माश्या एकमेकींच्या पायांना पाय गुंफून साखळ्या करत होत्या. चांगला थवा होता. तीन किलो तरी भरला असता. राणी जुनी असणार, म्हणून एवढ्या खालच्या फांदीवर बसली, फार उंच उडवलं नसेल तिला. तो असा विचार करत होता, आणि आपण असा विचार करतोय हे त्याला दिसत होतं, आणि तरी त्याला थांबता येत नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी इसिक-कूल तळ्याच्या पूर्वेकडच्या गावात त्याच्या बेचाळीस पेट्या होत्या. जूनमध्ये तो त्या ट्रकवर चढवून डोंगराच्या पायथ्याशी न्यायचा, गुलाबी फुलांच्या चाऱ्याच्या शेतांजवळ, आणि ऑगस्टपर्यंत तिथंच तंबू ठोकून राहायचा. तिथला मध पांढरा, लोण्यासारखा. गावात कुणाचंही पोळं उठलं की लोक त्यालाच बोलवायचे. त्याचे हात हलके आहेत म्हणायचे. जिपार गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं सगळ्या पेट्या गावातल्याच कादीरअलीला देऊन टाकल्या, एका कोंबडीचासुद्धा मोबदला घेतला नाही, आणि बायकोला नि मुलाला घेऊन शहरात आला. लोकांनी ते बरोबर केलं म्हटलं. शहरात त्याला लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालं. नऊमजली इमारतींच्या गच्चीवर मोटारीची खोली असते. तिथं एकटा असला की तो तेलाचा डबा बाजूला ठेवून मोटारीच्या पत्र्याला कान लावायचा. मोटार बरी असली की तिचा आवाज एक धरून यायचा, जड, उबदार, आणि तोलोगोन डोळे मिटून ऐकत राहायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि यात फार मोठं काहीतरी होतं.

दुपार कलली तेव्हा कुंपणावरून हार्सानचं डोकं वर आलं. हार्सान दुंगान जमातीचा, लसणाचा शेतकरी, साठीचा, आणि कुठल्याही गोष्टीवर काहीतरी बोलल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. ‘तोलोगोनभाऊ,’ तो म्हणाला, ‘तुमच्या झाडाला दाढी आली की. माझ्या हनुवटीला साठ वर्षांत एवढी आली नाही.’ तोलोगोन हसला नाही म्हटल्यावर त्यानं आवाज उतरवला. त्याच्याकडे बटाट्याच्या किड्यांवर मारायचं औषध होतं, फवारणीचा डबाच होता. सांगाल तर आत्ता देतो, एका दमात सगळ्या खाली, असं त्याचं म्हणणं. तोलोगोननं सांगितलं की ओळखीच्या माणसाला फोन केलाय, तो येऊन घेऊन जाईल. हे त्यानं अगदी सहज सांगितलं. आत गेल्यावर सादातलाही तेच सांगितलं, की कादीरअलीला फोन केलाय, तो आठवड्याच्या बाजारासाठी शहरात आलेलाच आहे, उद्यापर्यंत येईल. सादात शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची आणि उरलेलं काम घरी आणायची. मे महिन्यात शाळा सुटायच्या दिवशी मुलींना पांढरे झालरीचे एप्रन लागतात, ते होऊन गेले होते, आता सप्टेंबरचे सुरू झाले होते. तेरा वर्षं ती सगळ्या मापांचे कपडे शिवत आली होती. फक्त तीस नंबरचं, आठ वर्षांच्या मुलींचं माप आलं की ती गठ्ठा तसाच शेजारच्या बाईकडे सरकवायची, आणि कारखान्यात कुणी त्याबद्दल काही विचारत नसे. ‘बरं,’ ती म्हणाली. मशीन थांबलं नाही.

पूर्वी ती त्याला ‘जिपारचे बाबा’ म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत त्यांच्यात नाही, आणि थोरला कुबात असूनही तिच्या तोंडी जिपारचंच नाव बसलं होतं, कारण ती पोर सदान्‌कदा बापाच्या मागेमागे असायची. नंतर ते म्हणणं शक्य नव्हतं. कुबातचे बाबा असंही ती कधी म्हणाली नाही. तिची वाक्यं हाक न मारताच सुरू व्हायची. जेवायला वाढलंय, नळ गळतोय, कुबातचा फोन होता. दर शुक्रवारी ती कढईत तेल तापवून गेलेल्यांच्या नावानं पोळ्या तळायची, तेलाचा वास घरभर फिरायचा, ती ओठांत दुआ पुटपुटायची, आणि पहिली पोळी त्याच्यापुढे ठेवायची. त्यांचं कधी भांडण झालं नाही. त्या वसंतात सादात म्हणाली होती की पोरीला यंदा डोंगरावर नेऊ नका, गेल्या वर्षी तिला चावली तर हात कोपरापर्यंत सुजला होता. आणि तो म्हणाला होता, चावून चावूनच सवय होते, मला नाही का झाली. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही त्याचा पुन्हा उच्चार केला नव्हता. तोलोगोनला कधीकधी वाटायचं की तिनं एकदा तरी म्हणावं. तिनं म्हटलं असतं तर कदाचित त्यालाही पुढचं म्हणता आलं असतं.

संध्याकाळी ढग आले आणि बारीक गार पाऊस पडला. माश्या जागा शोधायला जायच्या त्या गेल्या नाहीत. सगळा घोस आखडून लहान झाला, आणि वरच्या माश्यांनी पंख कौलांसारखे एकावर एक धरले. तोलोगोन खिडकीतून बघत होता. सगळ्यांना जे माहीत होतं ते असं: तेरा वर्षांपूर्वीच्या जुलैत, डोंगराच्या पायथ्याशी, एक थवा उठून देवदारावर बसला. तोलोगोन शिडी लावून तो उतरवायला चढला. आठ वर्षांची जिपार तंबूपाशी खेळत होती. तिला मानेवर एक माशी चावली, एकच. तोलोगोन थवा घेऊन खाली आला तेव्हा ती शिडीपासून दहा पावलांवर गवतात पडलेली होती. त्यानं तिला ट्रकमध्ये घातलं, बावीस किलोमीटर दवाखाना, आणि वाटेतल्या लाकडी पुलाच्या अलीकडे ती गेली. हे त्यानं सादातला सांगितलं, मुल्लाला सांगितलं, घरी धाय मोकलून रडत आलेल्या नातेवाइकांना सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की ते खरंच तसं झालं असावं असा त्याला स्वतःलाच कधीकधी भास व्हायचा. पण मन शिडीपाशी आलं की तिथंच अडायचं. चौथ्या नाहीतर पाचव्या पायरीवर. एकदा, सहा-सात वर्षांपूर्वी, एक डॉक्टरीणबाई सहाव्या नि सातव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. तो दाराच्या फटीतून पहार घालत असताना त्यानं विचारलं होतं, की मधमाशी चावून माणूस जातो त्याला किती वेळ लागतो. बाई आतून म्हणाल्या, सांगता येत नाही, कुणी पाच मिनिटांत जातं, कुणी अर्धा तास तगतं. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर वाचतंही. मग त्या घाबरून म्हणाल्या, आत माशी शिरलीये का. नाही, असंच विचारलं, तो म्हणाला, आणि दार उघडून त्यानं त्यांना हात दिला.

रविवारी सकाळीही घोस होता. दुपारी कुबात त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला, आयदानाला, घेऊन यायचा होता; दर रविवारी यायचा. सादातनं आठ वाजताच त्याला फोन केला की आज येऊ नका. कारण सांगितलं नाही, नुसतं नको म्हणाली, आणि पलीकडून पोरगी रुसून काहीतरी बोलत होती ते ऐकत बराच वेळ फोन कानाला धरून राहिली. मग तिनं आणखी एक फोन केला. तोलोगोन शेडमध्ये होता. काय शोधायला गेलो ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं, पण त्यानं प्लायवुडचं एक खोकं काढून त्यातले जुने खिळे ओतून टाकले होते आणि आतून फडक्यानं पुसत होता. बाहेर आला तेव्हा सादात कुंपणाकडून येत होती. तिच्या हातात हार्सानचा फवारणीचा डबा होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती सरळ झाडाकडे चालली होती, घाईत नाही, दुधाची बादली घेऊन चालावं तशी. तिच्या डोक्याला ओढणी नव्हती. माश्या आता उन्हानं हलायला लागल्या होत्या, दोन-चार तिच्या केसांभोवती घुमल्या, आणि तिनं मानसुद्धा वळवली नाही. तोलोगोन धावला. इतक्या वर्षांत तो घरात धावला नव्हता. त्यानं डब्याला हात घातला आणि तिनं सोडला नाही, आणि काही वेळ दोघं पन्नाशी उलटलेली माणसं जर्दाळूखाली एका डब्याला धरून उभी राहिली.

‘कादीरअलीच्या घरी मी फोन केला होता,’ सादात म्हणाली. ‘त्यांना काही माहीतच नाही.’

तोलोगोन डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला.

‘काल तुम्हाला आनंद झाला.’

नाही म्हणायचं त्याच्या तोंडात आलं होतं. तेरा वर्षांच्या सवयीनं आलं होतं. ‘हो,’ तो म्हणाला. आणि तो ‘हो’ बाहेर पडल्यावर त्याच्या मागोमाग बाकीचं यायला लागलं, त्याला थोपवता येईना. ‘ती माझ्याकडे आली होती.’

‘कोण?’

‘जिपार. चावल्यावर ती शिडीपाशी आली होती. बोलली माझ्याशी.’

सादातचे हात डब्यावरून सुटले. तोलोगोननं तो पाटाच्या पलीकडे नेऊन ठेवला, परत आला, आणि उभ्यानंच, झाडाच्या बुंध्याकडे बघत सांगितलं. की तो वर होता. खोकं फांदीखाली धरलेलं होतं, अर्ध्या माश्या आत गेल्या होत्या, राणी सालीवरून फिरत होती, अजून आत शिरत नव्हती. अशा वेळी हललं तर सगळं पुन्हा उडतं. जिपार खालून बोलली. तो तिच्याशी बोलला, वर बघतच. मग ती तिथंच गवतात बसली, मग आडवी झाली, गालाखाली हात घेऊन. त्यानं एकदा काखेखालून वाकून पाहिलं आणि त्याला वाटलं झोपली. उन्हाची झोपायची ती. मग राणी आत गेली, मग त्यानं फडकं बांधलं, मग तो उतरला. हे सांगताना त्याच्या आवाजाला काही झालं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

‘काय म्हणाली?’ सादातनं विचारलं.

‘बरं वाटत नाही असं काहीतरी—’

‘काहीतरी नको. तिचे शब्द सांगा.’

त्याला ते शब्द शोधावे लागले नाहीत. ते तेरा वर्षं त्याच्या तोंडात होते. ‘“बाबा, माझी जीभ मोठी झालीये. तोंडात मावत नाही.”’ तो थांबला. इथंच थांबता आलं असतं. सादातनं फक्त शब्द विचारले होते, आणि तेही पोरीचे. ‘मी हसलो,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं तिचं नेहमीचं. म्हटलं, बरं झालं, आज जरा कमी बोलशील. थांब, राणी आत जाऊ दे.’

सादातचे ओठ हलले. जीभ मोठी झालीये, ती स्वतःशी म्हणाली. तोंडात मावत नाही. आणि तोलोगोनला दिसलं ते असं, की तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. पोरीला कधी काही सरळ दुखायचंच नाही. पायाला मुंग्या आल्या तर पायात सोडा उकळतोय म्हणायची. उचकी लागली तर पोटात करडू अडकलंय, त्याला बाहेर काढा म्हणून सांगायची, आणि सादात कणीक मळता मळता खुदकन हसायची. सादातकडे त्या पोरीची म्हणून जी वाक्यं होती ती तिनं तेरा वर्षं पुन्हा पुन्हा काढून वापरली होती. त्यांत नवं काही येणार नव्हतं. आज आलं. एवढं एक क्षणभर तिच्या चेहऱ्यावर राहिलं, पोरगी आत्ता दारातून आत येऊन हे बोलल्यासारखं. मग तिनं दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले आणि ती खाली वाकली, कमरेत, कुणीतरी पोटात मारल्यावर वाकतात तशी, आणि तिच्यातून जो आवाज निघाला तो ऐकून कुंपणापलीकडे हार्सानचा पंप बंद झाला. तोलोगोननं हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या हाताचं काय करावं त्याला कळेना.

बऱ्याच वेळानं ती सरळ झाली. पदरासारखा एप्रनचा काठ उचलून तिनं तोंड पुसलं.

‘किती वेळ?’ ती म्हणाली.

‘काय?’

‘ती खाली होती आणि तुम्ही वर होता. किती वेळ?’

‘राणी आत जाईपर्यंत.’

‘म्हणजे किती?’

‘ते सांगता येत नाही. कधी पाच मिनिटं लागतात, कधी वीस. माझ्याकडे घड्याळ नव्हतं.’

सादातनं वर फांदीकडे पाहिलं. काल दुपारपासून तिनं माश्यांकडे पहिल्यांदाच पाहिलं. ‘शिडी आणा,’ ती म्हणाली. ‘मला बघायचंय.’

त्यानं शिडी आणली. प्लायवुडचं खोकं आणलं, एक जुनी पांढरी चादर, कोंबडीचं लांब पीस, रोपांवर पाणी मारायची बाटली. सादातनं बादली पालथी घातली आणि ती शिडीपासून चार पावलांवर तिच्यावर बसली, हात मांडीवर घेऊन, दवाखान्यात आपला नंबर येईपर्यंत बसतात तशी. तोलोगोन चढला. चौथी पायरी, पाचवी. त्यानं घोसावर पाण्याचा बारीक फवारा मारला, माश्या एकमेकींना आणखी चिकटल्या, मग त्यानं खोकं खालून लावलं आणि फांदीला एकच झटका दिला. सगळा गोळा मऊ आवाज करत आत पडला. ते वजन हातांना ओळखीचं होतं, तान्ह्या मुलाएवढं, आणि तेवढंच उबदार, आणि हाताला आनंद झाला, त्याला न विचारता झाला. काही माश्या उडाल्या, काही फांदीवरच राहिल्या. त्यानं खोकं फांदीच्या बेचक्यात अडकवलं आणि तो थांबला. खोक्याच्या काठावर दहा-बारा माश्या शेपट्या वर करून पंख हलवायला लागल्या; म्हणजे इथं या, असं त्या बाकीच्यांना सांगतात. पण राणी खोक्यात पडली नव्हती. ती त्याला दिसली, फांदीच्या वळणावर, लांब, तांबूस, इतरांच्या गर्दीतून वाट काढत चाललेली. ती काठापर्यंत आली आणि वळून मागे गेली. राणीला हलकेच आत लोटायचं पीस त्याच्या खिशात होतं. त्यानं ते काढलं नाही, कारण त्या दिवशीही काढलं नव्हतं, आणि आज काढणं म्हणजे वेळ चोरणं झालं असतं.

ऊन मानेवर आलं. एक माशी त्याच्या मनगटावर चावली, ते जिथल्या तिथं जळत राहिलं. मागून काही आवाज येत नव्हता. त्या दिवशीही मागे असंच शांत झालं होतं, आणि ती शांतता त्याला बरी वाटली होती, पोरगी बडबडत नाहीये म्हणून बरी वाटली होती. आता त्या शांततेत काय होतं ते तो एकेक करून ऐकत होता. गवतावर बसणं. मान खाजवणं. बाबाच्या पाठीकडे बघणं. कारण तिथून तिला बापाची पाठच दिसत असणार, घामानं भिजलेला शर्ट, आणि वर फांद्या. तिनं पुन्हा हाक मारली असेल का, मोठ्या झालेल्या जिभेनं, आणि ती हाक माश्यांच्या आवाजात मिसळून गेली असेल का. राणी पुन्हा काठापर्यंत आली. पुन्हा वळली. त्यानं एक पाय सोडून खालची पायरी चाचपली.

‘उतरू नका,’ सादात म्हणाली.

तो तसाच राहिला, एक पाय वर, एक खाली.

‘पुरं होऊ दे.’

त्यानं पाय परत वर घेतला. फांदीवरच्या माश्या आता एका रांगेनं खोक्याकडे चालायला लागल्या होत्या, मेंढ्या वाड्यात शिरतात तशा, आणि त्या रांगेतून राणी तिसऱ्यांदा आली, काठावर थांबली, आणि काही विशेष नसल्यासारखी आत उतरली. बाकीच्या तिच्यामागून गेल्या. तोलोगोननं चादर टाकली, चारी बाजूंनी सुतळी बांधली, गाठ नीट मारली, आणि खोकं छातीशी धरून तो पायरी पायरीनं उतरला.

सादात उठून उभी होती. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. त्याची तिला गरज नव्हती.

‘खूप वेळ आहे हा,’ ती म्हणाली.

ती रागानं बोलली नाही. कापड मापून झाल्यावर किती भरलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मग तिनं बादली सरळ केली, तिच्या जागी ठेवली आणि ती घरात गेली.

तोलोगोन खोकं घेऊन उभा राहिला. ते आतून गुणगुणत होतं, चादरीतून ऊब त्याच्या छातीला लागत होती. संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवायला हवं होतं, मग कादीरअलीला खरोखरचा फोन, मग डोंगराकडचा रस्ता. हे सगळं त्याला माहीत होतं, पण त्याचे पाय हलत नव्हते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून सादातचा आवाज आला. ती फोनवर कुबातशी बोलत होती. ती म्हणत होती, ऐक, तुला एक सांगायचंय, जिपारचं. त्या दिवशी ती बाबांकडे गेली होती रे, शिडीपाशी. आज सांगितलं त्यांनी. काय म्हणाली माहितीये? जीभ मोठी झालीये म्हणाली. तोंडात मावत नाही म्हणाली. हो, अशीच म्हणाली, अगदी अशीच. सादातचा आवाज मध्येच फुटत होता आणि तरी त्यात काहीतरी उजळ होतं, लांबच्या गावाहून कुणाची तरी खुशाली कळावी तसं. पलीकडे कुबात बहुधा रडत होता, कारण ती बराच वेळ नुसती हं, हं करत राहिली. तोलोगोन श्वास धरून उभा होता. आता त्याचं वाक्य यायचं होतं. ते आल्यावर मुलगा काय म्हणेल, आणि मग कधी येईल की नाही, पोरीला आणेल की नाही, याची तो वाट बघत होता. आणि मग बाबांनी काय केलं, तेच कुबातनं विचारलं असणार, कारण सादातचं हं, हं थांबलं. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

‘काय करणार,’ सादात म्हणाली. ‘उतरले ना. लगेच उतरले.’